शनिवार-रविवारात गेंट आणि ब्रुज: दोन मित्रांसाठी नेमकी आखणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोलोनमध्ये नोकरी करणारे दोन मित्र शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणार आणि रविवारी रात्री घरी परतणार. दोन जुनी शहरं नीट बघायची आहेत. एकाला चित्रं-शिल्पं बघण्यात रस आहे, दुसरा शाकाहारी आहे आणि त्याला नुसतं भटकायला आवडतं. प्राग, पॅरिस की ॲमस्टरडॅम?

माझं उत्तर: तिन्ही नकोत, बेल्जियममधल्या गेंट आणि ब्रुजला जा. कोलोनहून रेल्वेने प्रागला जायचं तर दिवसाचा मोठा भाग प्रवासातच जातो. पॅरिस जवळ आहे, पण दोन दिवसांत तिथे रांगा आणि मेट्रोच जास्त पाहून होते. गेंट आणि ब्रुज एकमेकांपासून रेल्वेने साधारण २५ मिनिटांवर आहेत, दोन्हींचा जुना गाभा पायी फिरण्याएवढा आहे आणि दोन्हीकडे मध्ययुगीन रस्ते, कालवे, मनोरे अजून जागेवर आहेत. ब्रुजचा जुना गाभा २००० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आता मुख्य मुद्दा. ही सहल रविवारच्या सकाळीभोवती आखायची. बहुतेक जण अंतर बघून क्रम ठरवतात, किंवा हॉटेल जिथे स्वस्त मिळालं तिथून सुरुवात करतात आणि मग रविवारी सकाळी दहाला कॅथेड्रलच्या दारात पोचतात. तेव्हा आत प्रार्थना चालू असते आणि पर्यटकांना दुपारपर्यंत प्रवेश नसतो. गेंटच्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमधलं व्हॅन आयक बंधूंचं वेदीचित्र रविवारी दुपारी १ नंतरच बघता येतं. ब्रुजच्या 'अवर लेडी' चर्चमधला मायकेलअँजेलोचा पुतळाही रविवारी दीडनंतर. म्हणून वेळ ठरवून तिकीट काढावं लागणारं गेंटचं कॅथेड्रल शनिवारी उरकायचं आणि रविवारची सकाळ रस्ते, कालवे, मनोरा यांना द्यायची. यातून क्रम आपोआप ठरतो: शुक्रवारी रात्री गेंटमध्ये मुक्काम, शनिवारचा दिवस गेंट, शनिवारी संध्याकाळी ब्रुजला जाऊन तिथेच मुक्काम, रविवारी सकाळी ब्रुज, दुपारी चर्च आणि मग परतीची गाडी.

'दोन रात्री दोन हॉटेलं कशाला, गेंटमध्येच राहू आणि ब्रुजला जाऊन येऊ' असं मित्र म्हणेल. ऐकू नका. ब्रुजमध्ये सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात एका दिवसासाठी आलेल्या पर्यटकांची इतकी गर्दी असते की मुख्य चौकातून पुढे सरकणं जड जातं. संध्याकाळी सहानंतर बसेस आणि जहाजांवरचे पाहुणे निघून जातात आणि शहर मोकळं होतं. ब्रुज बघायचं ते या वेळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत. त्यासाठी तिथे झोपावंच लागतं. दोन हॉटेलं करायची तर सामान मात्र पाठीवरच्या एका पिशवीत मावेल एवढंच ठेवा. चाकांची बॅग गोट्यांच्या फरसबंदीवर ओढताना चाकं अडकतात, तुटतात, आणि रात्री दहाला त्या आवाजाने सगळी गल्ली जागी होते.

प्रवासाबद्दल. कोलोन ते ब्रुसेल्स दोन तासांच्या आत पोचवणाऱ्या दोन वेगवेगळ्या सेवा आहेत: जर्मन रेल्वेची आयसीई आणि युरोस्टार (पूर्वीची थॅलिस). एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. युरोस्टारमध्ये आसन आरक्षण तिकिटातच असतं आणि ते त्या एका गाडीपुरतं असतं. आयसीईचं सवलतीचं तिकीटही ठरावीक गाडीशीच बांधलेलं असतं. जर्मनीतलं डॉइचलँड-तिकीट या दोन्हींत चालत नाही, ते फक्त प्रादेशिक गाड्यांसाठी आहे. शक्य असेल तर कोलोन ते गेंट आणि ब्रुज ते कोलोन अशी सलग तिकिटं काढा, ब्रुसेल्सपर्यंतचं एक आणि पुढचं दुसरं असं तोडू नका. पहिली गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली, तर सलग तिकिटावर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेची असते. तुटक तिकिटांवर ती तुमची.

बेल्जियमच्या आत साध्या गाड्यांना आसन आरक्षण नसतं. तिकीट त्या दिवशी कुठल्याही गाडीला चालतं, त्यामुळे गेंट ते ब्रुजचं तिकीट आधी काढून ठेवण्याने काही फायदा नाही. शनिवारी स्टेशनवर किंवा ॲपवर काढा, पण चढण्याआधी काढा, कारण गाडीत काढलं तर जादा आकार पडतो. फलक नीट वाचणं महत्त्वाचं आहे. गेंटहून ब्रुजला जायचं तर ओस्टेंड, ब्लांकेनबेर्ग किंवा क्नोकेला जाणारी गाडी पकडायची. कोर्ट्रेइक किंवा दे पानला जाणारी गाडीही ब्रुसेल्सहून गेंटला येते, पण ती ब्रुजला जात नाही. आणखी एक गोंधळ नावांचा. बेल्जियममध्ये एकाच स्टेशनला फ्रेंच आणि डच अशी दोन नावं असतात. ज्याला जर्मन ॲप ल्युटिश म्हणतं ते फलकावर लिएज किंवा लाऊक दिसतं. ब्रुसेल्सचं तुमचं स्टेशन कधी 'झाउड', कधी 'मिदी' असं लिहिलेलं असतं, स्टेशन एकच. तिथे गाडी बदलायला किमान ४० मिनिटं ठेवा. गेंट आणि ब्रुजकडच्या गाड्या वारंवार सुटतात, त्यामुळे जाताना फार ताण नाही. परतताना मात्र तुमची आंतरराष्ट्रीय गाडी एकच असते.

शुक्रवारी साडेपाच-सहाला कोलोन सोडलंत तर गेंटला पोचेपर्यंत नऊ वाजतील. फ्लँडर्समधल्या (बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या उत्तर भागातल्या) बऱ्याच रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरं नऊच्या सुमारास बंद होतात. जेवण गाडीतच करून घ्या, पोळी-भाजीचा डबा असेल तर उत्तमच. गेंटचं सेंट पीटर्स स्टेशन जुन्या शहरापासून अडीच किलोमीटरवर आहे. स्टेशनसमोरून ट्राम थेट कोरेनमार्क्ट चौकात जाते, तिकिटासाठी आत यंत्राला बँकेचं कार्ड टेकवलं की झालं.

खोली आरक्षित करताना दोन गोष्टी तपासा. 'डबल' म्हणजे इथे एकच मोठा पलंग. दोन मित्रांना वेगळे पलंग हवे असतील तर 'ट्विन' निवडावं लागतं. दुसरं, जुन्या घरांतल्या हॉटेलांत लिफ्ट नसते आणि जिने शिडीसारखे उभे असतात. स्वस्त खोली बहुधा चौथ्या मजल्यावरची असते. दर माणशी, दर रात्री पालिकेचा कर वेगळा लागू शकतो, तो अनेकदा जाहिरातीतल्या दरात धरलेला नसतो.

शनिवारी सकाळी कॅथेड्रलची पहिली वेळ घ्या. ऑनलाइन तिकिटात वेळ ठरवावी लागते आणि साडेदहाची वेळ मिळाली तर उत्तम, कारण दुपारी मोठे गट येतात. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत, म्हणून सामान हॉटेलमध्येच ठेवून जा. हुबेर्ट आणि यान व्हॅन आयक यांचं हे वेदीचित्र १४३२ मध्ये पूर्ण झालं. लाकडी फळ्यांवर तैलरंगांत काढलेलं हे चित्र दुमडून बंद करता येतं आणि बंद असतानाच्या बाहेरच्या बाजूवरही चित्रं आहेत. नुसतं समोर उभं राहून 'छान आहे' म्हणून निघू नका. पंधरा मिनिटं एकाच जागी थांबा आणि खालच्या रांगेतल्या मधल्या फळीवरचा कोकरू बघा. सोळाव्या शतकात त्याच्यावर कोणीतरी पुन्हा रंगकाम केलं होतं. अलीकडच्या जतनकामात तो थर काढल्यावर मूळचं तोंड बाहेर आलं: डोळे समोर रोखलेले, जवळजवळ माणसाचे वाटावेत असे, थेट बघणाऱ्याकडे पाहणारे. त्याच्या छातीतून रक्ताची धार खालच्या पात्रात पडते आहे आणि भोवतीच्या गवतातली फुलं वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला ओळखता येतील इतकी बारकाईने रंगवलेली आहेत. वरच्या रांगेत टोकाला आदम उभा आहे. त्याचं पाऊल खालून पाहिल्यासारखं रंगवलं आहे, चौकटीच्या बाहेर पडतंय असं वाटतं.

डावीकडची खालची टोकाची फळी मूळ नाही. 'न्यायी न्यायाधीश' नावाची ती फळी १९३४ मध्ये चोरीला गेली आणि आजवर सापडलेली नाही. आहे ती नक्कल. २०१२ पासून या चित्राचं जतनकाम टप्प्याटप्प्याने चालू आहे आणि कामाच्या काळात काही फळ्या कॅथेड्रलऐवजी गेंटच्याच ललितकला संग्रहालयात असतात. तारीख पक्की करण्याआधी कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर त्या वेळी कोणत्या फळ्या कुठे आहेत ते वाचा. खास चष्मा लावून तळघरात इतिहास दाखवणारं महागडं तिकीटही मिळतं. चित्रात रस असलेल्याने ते घ्यावं, भटक्याने साधं तिकीट घेऊन अर्ध्या तासात बाहेर पडावं.

दोघांच्या आवडी वेगळ्या असतील तर ही जागा दोघांनी तास-दीड तास वेगवेगळं फिरण्यासाठी चांगली आहे. भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा, सेंट मायकेल पूल सोपा पडतो. तिथून सेंट निकोलस चर्च, घंटामनोरा आणि कॅथेड्रल हे तीन मनोरे एका ओळीत दिसतात. भटक्या मित्राने या वेळात ग्रासलेई आणि कोरेनलेई हे समोरासमोरचे दोन धक्के आणि भित्तिचित्रांनी भरलेली वेरेगारेनस्ट्राट ही गल्ली बघावी. गुडघे दुखणाऱ्याने मनोरा चढायचा असेल तर तो गेंटचाच चढावा, कारण इथे पहिल्या टप्प्यानंतर लिफ्ट आहे. ब्रुजच्या मनोऱ्याला नाही.

दुपारी ग्राव्हेनस्टेन किल्ला. फ्लँडर्सचा काउंट फिलिप याने तो ११८० मध्ये बांधायला घेतला. पुढे तिथे न्यायालय आणि तुरुंग होता आणि एकोणिसाव्या शतकात चक्क कापडगिरणी. आपल्याकडच्या किल्ल्यांसारखा हा डोंगरावर नाही, भर शहरात पाण्याकाठी आहे, आणि तटबंदीची तोफा येण्याआधीची रचना इथे फार स्पष्ट दिसते. दीड तास पुरतो. श्राव्य मार्गदर्शन विनोदी ढंगाचं आहे. गंभीर इतिहास हवा असेल तर फलक वाचत फिरा. गेंटच्या लोकांचा बंडखोर स्वभाव समजून घ्यायला एक गोष्ट पुरे: इथेच १५०० मध्ये जन्मलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सविरुद्ध शहराने कर द्यायला नकार दिला. १५४० मध्ये त्याने प्रतिष्ठित नागरिकांना गळ्यात फास अडकवून अनवाणी चालायला लावलं. गेंटवासी आजही स्वतःला अभिमानाने 'फासवाले' म्हणवतात.

खाण्याबद्दल शाकाहारी मित्राला नीट सांगायला हवं, कारण फसगत इथेच होते. बेल्जियमचे बटाट्याचे फ्राइज परंपरेने गुरांच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, पण अनेक गाड्यांवर. दिसायला निव्वळ बटाटा, म्हणून कोणी विचारत नाही. 'वनस्पती तेलात तळता का?' असं इंग्रजीत सरळ विचारा, लोक खरं सांगतात. तेल वनस्पतीचं असलं तरी त्याच कढईत मांसाचे क्रोकेट (सारण भरलेले लांबट वडे) तळले जात असतील, ज्याला ते चालत नाही त्याने तेही विचारावं. फ्राइजवर ओतून मिळणारा तपकिरी 'स्टोफव्हलेस' रस्सा बहुधा गोमांसाचा असतो. क्रोकेटमध्ये चीजचा आणि कोळंबीचा दिसायला जवळपास सारखाच. 'आजचं सूप' भाज्यांचं असलं तरी बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) असू शकतं. एवढं सगळं असूनही शाकाहाऱ्यासाठी बेल्जियममध्ये गेंटसारखं दुसरं शहर नाही. २००९ पासून या पालिकेने गुरुवार हा अधिकृत शाकाहाराचा दिवस मानला आहे, त्यामुळे तिथे शाकाहारी पर्याय भरपूर आहेत. म्हणून शनिवारचं पोटभर जेवण गेंटमध्ये दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान करा आणि ब्रुजमध्ये रात्री हलकं खा. ब्रुजच्या मुख्य चौकातली रेस्टॉरंटं महाग असतात, दोन गल्ल्या आत गेलं की दर उतरतात. रेस्टॉरंटात नळाचं पाणी फुकट मिळेलच असं नाही, बाटलीचे पैसे लागतात. रिकामी बाटली जवळ ठेवा, नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी लागतात.

बिअर घेणार असाल तर जपून. इथल्या 'ट्रिपल' जातीच्या बिअरमध्ये आठ-नऊ टक्के मद्यार्क असतो, जर्मनीतल्या अर्ध्या लिटरच्या सवयीने प्यायलात तर रविवारची सकाळ हातची जाते, आणि या सगळ्या आखणीचा जीव त्या सकाळीत आहे. एक ग्लास घ्या, ताजी हवी असेल तर ब्रुजच्या गावातल्याच भट्टीची घ्या. तिथून गावाबाहेरच्या बाटलीभरण केंद्रापर्यंत २०१६ मध्ये रस्त्याखालून सुमारे ३ किलोमीटरची बिअरची नळवाहिनी टाकली, म्हणजे अरुंद गल्ल्यांतून टँकर न्यायला नकोत.

शनिवारी पाच-साडेपाचला ब्रुजची गाडी पकडा. ब्रुज स्टेशन ते मार्क्ट चौक वीस मिनिटांची चाल आहे. वाटेत मिन्नेवाटर तळं आणि बेगिनहोफ लागतं. धर्मनिष्ठ पण जोगीण-व्रत न घेतलेल्या स्त्रियांची ही वस्ती १२४५ च्या सुमाराची, मध्ये झाडं, भोवती पांढरी घरं. आज तिथे बेनेडिक्टाइन जोगिणी राहतात, आवाज करायचा नसतो आणि संध्याकाळी फाटक बंद होतं. रात्री बुर्ख चौक, रोझेनहुडकाई हा कालव्याचा धक्का आणि मग यान व्हॅन आयक चौकाकडून उत्तरेच्या कालव्याने फिरा. रोझेनहुडकाईवरचा फोटो दिवसा काढायचा तर माणसांच्या डोक्यांवरून काढावा लागतो. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात हीच फेरी पूर्ण अंधारात होते.

रविवारी सकाळी साडेसातला बाहेर पडा. आधी पूर्वेकडच्या तटावरच्या चार पवनचक्क्या (त्यातली सिंट-यान्सहाउस १७७० ची), मग चर्च बंद असताना घंटामनोरा. ८३ मीटर उंच, ३६६ पायऱ्या, वरचे टप्पे इतके अरुंद की उतरणाऱ्याला वाट द्यायला भिंतीला चिकटावं लागतं. एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून सकाळची पहिली वेळ ऑनलाइन घ्या. अकरा वाजता ४७ घंटांचं वादन असतं. ते ऐकायला खालचं अंगण उत्तम, वर असाल तर कानठळ्या बसतात. नौकाफेरी अर्ध्या तासाची असते, मार्च ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालते आणि सकाळी पहिल्या खेपांना रांग कमी असते. बाराच्या पुढे गेलात तर एक तास मोडेल.

मग दीड वाजता 'अवर लेडी' चर्च. मायकेलअँजेलोने सुमारे १५०४ मध्ये घडवलेली ही संगमरवरी माता आणि बालक ब्रुजच्या कापड-व्यापारी मूस्क्रोन कुटुंबाने विकत घेतली. तो हयात असताना इटलीबाहेर गेलेल्या त्याच्या अगदी मोजक्या शिल्पांतलं हे एक. मूर्ती लहान आहे, काचेमागे आणि थोडी दूर आहे, म्हणून अनेक जण निराश होतात. हातांकडे बघा. मूल मांडीवर नाही, आईच्या गुडघ्यांमध्ये उभं आहे, पाऊल पुढे टाकण्याच्या बेतात. तिने त्याला जवळ ओढलेलं नाही, फक्त एक हात सैलसर धरला आहे आणि तिची नजर खाली, मुलाच्याही पलीकडे आहे. फ्रेंचांनी १७९४ मध्ये आणि जर्मनांनी १९४४ मध्ये ही मूर्ती पळवली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती ऑस्ट्रियातल्या आल्टाउसेच्या मिठाच्या खाणीत सापडली, आणि आदल्या दिवशी गेंटमध्ये पाहिलेलं वेदीचित्रही त्याच खाणीतून परत आलं.

पैशांचं. खोली आणि रेल्वे सोडून दर माणशी दिवसाला ६० ते ८० युरो धरा, त्यात दोन तिकिटं, एक नीट जेवण आणि किरकोळ खाणं बसतं. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण काही लहान दुकानांत फक्त बेल्जियन कार्डपद्धत असते, म्हणून पन्नासेक युरो रोख ठेवा. रोखीत एकूण रक्कम पाच सेंटच्या पटीत करतात, एक-दोन सेंट परत मिळाले नाहीत म्हणून वाद घालू नका. भारतीय कार्ड वापरत असाल आणि यंत्राने 'रुपयांत की युरोत' विचारलं तर युरोच निवडा, रुपयांतला दर नेहमी महाग पडतो. खर्च एकाने करायचा आणि रात्री झोपण्याआधी हिशेब मांडायचा. महिन्याच्या शेवटी मांडायला गेलात तर कोणी काय दिलं ते दोघांनाही आठवत नाही, आणि मैत्रीत नको ती कुरकुर शिरते.

कागदपत्रं ज्याची त्याने स्वतःजवळ ठेवावीत: मूळ पासपोर्ट आणि जर्मनीचं निवास-परवाना कार्ड, दोन्ही. शेंगेनच्या आत तपासणी नसते असं गृहीत धरू नका. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भू-सीमांवर तपासणी लावली आणि परतताना सीमेवरच्या आखेन शहराजवळ पोलिस गाडीत चढू शकतात. मोबाइलमधला फोटो पुरेसा नाही. तिकिटंही दोघांच्या फोनमध्ये असू द्या, कारण एकाच फोनची बॅटरी संपली की दोघंही अडकतात. लंडनहून कोणी तिसरा मित्र येणार असेल तर भारतीय पासपोर्टवर त्याला शेंगेन व्हिसा लागेल, ब्रिटनचा व्हिसा चालत नाही.

गाडी घेऊन जाऊ नका. गेंटमध्ये कमी-प्रदूषण क्षेत्र आहे, परदेशी नोंदणीच्या गाडीची आधी ऑनलाइन नोंद करावी लागते, आणि २०१७ च्या वाहतूक-योजनेपासून केंद्रातले अनेक रस्ते कॅमेऱ्यांनी राखलेले आहेत. चुकून वळलात तर दंडाचं पत्र काही आठवड्यांनी घरी येतं.

तारीख निवडताना जुलैच्या मध्यातला गेंटचा दहा दिवसांचा उत्सव टाळा, खोल्या मिळत नाहीत. डिसेंबरमधल्या बाजाराच्या दिवसांत ब्रुजमध्ये रात्रीही गर्दी ओसरत नाही. एप्रिल आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम, दोन्हींत पावसाचं जाकीट लागतंच.

परतीसाठी ब्रुजहून साडेतीन-चारची गाडी धरा. कोलोनची शेवटची गाडी कधीही गृहीत धरू नका, तिच्या आधीची घ्या. बेल्जियममध्ये रेल्वेचे संप वारंवार होतात. संप असेल तर पर्यायी वेळापत्रक आदल्या दिवशी जाहीर होतं, म्हणून शुक्रवारी निघण्याआधी आणि शनिवारी रात्री ॲप बघा. सलग तिकिटावर अंतिम स्थानकाला ६० मिनिटं किंवा अधिक उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांपुढे ५० टक्के परत मागता येतात. उशीर दाखवणाऱ्या फलकाचा फोटो तिथेच काढून ठेवा आणि अर्ज दोघांनी आपापल्या तिकिटावर करा.